वर्षातला अधिक महिना

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा डिसेंबरचा अखेरचा पंधरवडा चालू असेल. जुनी दिनदर्शिका खिळ्यावरून उतरवून तिच्या जागी नवी टांगायची, एवढेच खरे तर या दिवसांचे काम. तरीही दर वर्षी याच पंधरवड्यात माझ्या दवाखान्यात एक निराळी तक्रार ऐकू येते. रक्तदाब मोजून झालेला असतो, गोळ्यांची चिठ्ठी लिहून झालेली असते, आणि खुर्चीतून उठता उठता एखादे आजोबा म्हणतात, "यंदाचे वर्ष फुकट गेले, डॉक्टर." विचारपूस केली की कळते, आजोबा भजनात पखवाज वाजवतात आणि वर्षभरात त्यांचे बसणे जेमतेम चार वेळा झाले. एखाद्या आजींची नातवासाठी घेतलेली गोधडी अर्ध्यावर राहिलेली असते. कुणाची पेटी बंद पडून असते, कुणाचा रंगांचा डबा उघडलेलाच नसतो. या दुःखावर गोळी नाही. पण त्याने झोप उडते, अन्न गोड लागत नाही, रक्तदाब चढतो. म्हणून ते माझ्याही कामाचे आहे, असे मी मानते.

आपल्यापैकी पुष्कळांना स्वतःस कलावंत म्हणवून घेताना संकोच वाटेल. "आम्ही कसले कलावंत, आमचे आपले हौसेचे काम," असे उत्तर मला नेहमी मिळते. या लेखापुरता तो संकोच बाजूला ठेवू या. ज्याच्या हाताला किंवा गळ्याला एखाद्या कामाची अशी सवय जडली आहे की ते काम थांबले तर त्याचे जेवणखाण बिघडते, तो माझ्या लेखी कलावंत. ही व्याख्या साहित्यशास्त्रातली नव्हे, दवाखान्यातली आहे. आणि अशा माणसाचे पथ्यपाणी, औषधे, येणेजाणे जे सांभाळतात, त्या लेकीसुना, मुलगे आणि जोडीदार यांच्यासाठीही हा लेख आहे.

मी न्हावा शेव्याच्या परिसरात पंचवीसहून अधिक वर्षे दवाखाना चालवते. येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले आणि तेव्हापासून या किनाऱ्यावर वेळापत्रकाचे राज्य आहे. कोणते जहाज केव्हा लागणार, कोणता कंटेनर केव्हा चढणार, याचा हिशेब रात्रंदिवस चालतो. त्या कचेऱ्यांचे वर्ष ३१ मार्चला संपते. कुंपणाबाहेर मात्र निराळी वर्षे चालू असतात. कोळीवाड्याचे वर्ष नारळी पौर्णिमेला उघडते. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि जाळ्यांची दुरुस्ती चालते. पेणच्या बाजूला, हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत, मूर्तिकारांचे वर्ष गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री संपते. आगरी लग्नांत धवले गाणाऱ्या धवलारणीचे वर्ष तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि पावसाच्या तोंडावर थांबते. मराठी लेखकाचेही तसेच आहे. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून आमच्या साहित्यिकांची धावपळ आश्विनात संपू लागली.

मग ३१ डिसेंबरला हिशेब मागणारा हा कोण? ज्या मूर्तिकाराचे काम ऑगस्टअखेर हातावेगळे झाले, त्याने डिसेंबरात "चार महिने काही केले नाही" म्हणून खंत करणे म्हणजे शेतकऱ्याने चैत्रात भात कापले नाही म्हणून हळहळण्यासारखे आहे. तेव्हा पहिली विनंती अशी, की आपल्या कलेचे वर्ष खरोखर कोठे संपते ते आधी ठरवा. पुष्कळांचा अर्धा भार तेवढ्यानेच उतरतो, हा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट मला पंचांगाने शिकवली. चंद्राच्या बारा महिन्यांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांत पुरे होते आणि सूर्याचे ३६५ दिवसांत. दरसाल अकरा दिवसांचे अंतर पडत जाते. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि यंदा, २०२५ मध्ये, २७ ऑगस्टला आली. असेच चालू राहिले तर श्रावण भर उन्हाळ्यात जाईल. आपल्या पूर्वजांनी यावर चंद्राला पाय उचलायला सांगितले नाही. त्यांनी सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना अधिक धरला आणि वर्ष पुन्हा ऋतूंशी जुळवून घेतले. पुढच्या वर्षी १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला येते. मूर्तिकारांना यंदाच्यापेक्षा अठरा दिवस जास्त मिळणार आहेत. क्वचित एखादा महिना गळतोसुद्धा. १९८२-८३ मध्ये असा क्षयमास आला होता. त्यातली गंमत अशी की ज्या वर्षी क्षयमास येतो त्या वर्षी त्याच्या आगेमागे दोन अधिक मास येतात. एक महिना गेला तर त्याच्या दोन्ही बाजूंना सावरून घेण्याची सोय आहे.

म्हाताऱ्या शरीराचे वर्षही असेच असते. एखादा महिना न्यूमोनियात जातो, एखादा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत, एखादा जिवाभावाच्या माणसाला पोहोचवण्यात. तो परत मागता येत नाही. पण पुढच्या वर्षाची आखणी करताना मोकळा महिना आपण धरून ठेवू शकतो. तो धरलेला नसला की प्रत्येक आजारपण म्हणजे कर्तव्यात कसूर वाटू लागते.

एका गृहस्थांची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय चौऱ्याहत्तर. उमेद होती तोवर पेणकडच्या कारखान्यांत आखणीचे काम केले. आखणी म्हणजे गणपतीच्या मूर्तीचे डोळे रंगवणे. ज्या वाचकांनी ते काम पाहिले नसेल त्यांना सांगते, की साऱ्या कारखान्यात हे काम मोजक्या हातांकडेच असते. बुबुळाची रेघ केसभर सरकली तर मूर्तीचा सारा भाव पालटतो. पत्नी गेल्यावर ते मुलाकडे उरण तालुक्यात राहायला आले. मुलगा कंटेनर गोदामात पाळीवर जातो, सूनबाई घर आणि दोन मुले सांभाळतात. गृहस्थ हंगामापुरते जवळच्या एका लहान कारखान्यात जाऊन काम करीत. दोन वर्षांपूर्वी हाताला कंप सुरू झाला. "हात हलतो, डोळा तिरका जातो," एवढेच ते म्हणाले. घरच्यांनी काळजीपोटी कुंचले माळ्यावर टाकले आणि त्यांना टीव्हीसमोर बसवले. दीड महिन्यात त्यांचे वजन चार किलोंनी उतरले, तेव्हा ते माझ्याकडे आले.

येथे थोडे वैद्यकीय बोलणे आवश्यक आहे. हात कापू लागला की घरोघरी प्रथम कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनचे, नाव निघते. परंतु कंपाचे प्रकार निराळे असतात. पार्किन्सनमध्ये बहुधा हात मांडीवर स्वस्थ पडलेला असताना कंप दिसतो. त्याबरोबर चाल मंदावते, चालताना एक हात हलेनासा होतो, अक्षर बारीक होत जाते. दुसरा एक कंप हात स्वस्थ असताना शांत असतो आणि कप उचलला, सही करायला घेतली की उमटतो. त्यास 'इसेन्शियल ट्रेमर' म्हणतात. तो पुष्कळदा घराण्यात असतो आणि उतारवयात वाढतो. याखेरीज थायरॉइड वाढल्याने, दम्याच्या काही औषधांनी, फार चहाने, काळजीने आणि अपुऱ्या झोपेनेही हात कापतो. हे सारे तपासल्यावाचून "आता वय झाले" असे म्हणणे योग्य नाही. या गृहस्थांचा कंप दुसऱ्या प्रकारचा निघाला. त्यावर औषध असते. पण जे नेहमी प्रथम देतात ते दम्याच्या रुग्णास चालत नाही, आणि यांना दमा होता. तेव्हा औषधाची मदत मर्यादितच मिळणार होती.

त्यांच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट आली. रंग अलीकडे मळकट मिळतात, निळा तर पूर्वीसारखा येतच नाही, अशी त्यांची दुकानदाराविषयी तक्रार होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग पिवळट-तपकिरी होत जाते आणि निळ्या-जांभळ्या छटा प्रथम हरवतात. क्लोद मोने या थोर फ्रेंच चित्रकाराचेही असेच झाले होते. त्याची चित्रे तांबूस-पिवळी होत गेली आणि १९२३ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्याच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. आपल्या घरातील कुणी रंगांविषयी कुरकुर करू लागले, साडीचा निळा त्यांना काळा दिसू लागला, तर आधी डोळे दाखवा.

शस्त्रक्रिया केव्हा करायची, हा प्रश्न आला तेव्हा मी त्यांच्या वर्षाकडे पाहिले. चतुर्थीनंतर दिवाळीपर्यंत कारखाना थंड असतो. एक डोळा तेव्हा झाला, दुसरा काही आठवड्यांनी. ज्या शस्त्रक्रिया तातडीच्या नसतात त्या कलावंताच्या विसाव्याच्या काळात बसवाव्यात. हे आपल्या डॉक्टरांना आपणच सांगायला हवे, कारण आपले वर्ष त्यांना ठाऊक नसते. ज्या तातडीच्या असतात त्या मात्र हंगामासाठी एक दिवसही पुढे ढकलू नयेत.

मग आम्ही हिशेबाला बसलो. किती मूर्ती झाल्या, हे मी विचारलेच नाही. सूनबाईंना एवढेच सांगितले की कुंचले माळ्यावरून उतरवा आणि दिनदर्शिकेच्या प्रत्येक तारखेवर रोज संध्याकाळी एक खूण करा. हात चांगला चालला तर सूर्य, बरा चालला तर अर्धा सूर्य, चालला नाही तर नुसता ठिपका. त्या दिनदर्शिकेच्या पाठीमागे दुधाचा हिशेब आणि पुढे बाबांच्या हाताचा. चार महिन्यांनी ती पाने टेबलावर पसरली तेव्हा जे दिसले ते मला तपासणीत दिसले नसते. सकाळी नऊ ते अकरा हात बराच स्थिर असे. दुपारच्या चहानंतर तो बिघडे. रात्री खोकल्याने झोप मोडली की दुसरा दिवस हमखास ठिपक्याचा. पत्नीच्या तिथीच्या आठवड्यात सलग सहा ठिपके होते. त्या सहा ठिपक्यांविषयी कोणीच काही बोलले नाही.

वाचकहो, वर्षअखेरचे सिंहावलोकन म्हणतात ते मला इतपतच अभिप्रेत आहे. 'काय राहिले' याची यादी करू नका. ती आपणहून होते आणि रात्री दोन वाजता वाचून दाखवली जाते. त्याऐवजी काम आपसूक झाले ते दिवस आठवा. तेव्हा खोलीत कोण होते, खिडकी कोणती होती, आदल्या रात्री झोप कशी लागली होती? अडले तेव्हा कशाने अडले, गुडघ्याने, पैशाने, की कुणाच्या शब्दाने? काही गोष्टी सुटून गेल्या आणि त्यांची उणीव भासली नाही, अशा कोणत्या? हे प्रश्न एका बैठकीत उरकण्याचे नाहीत. चार दुपारी लागल्या तरी चालतील. लिहिता येत नसेल तर नातवंडास सांगावे, ते लिहून घेईल. आणि जे आठवताना छातीत दाटून येते तेथे थांबावे.

ज्यांच्या घरी यंदा मृत्यू झाला त्यांच्यासाठी दोन शब्द निराळे. आपल्याकडे पुष्कळ घरांत वर्षश्राद्धापर्यंत सण साजरा करीत नाहीत. त्या रूढीतील बाकीचे काहीही असो, एक वर्ष तुमच्याकडून उत्साहाची अपेक्षा करणार नाही, असे समाज त्यातून सांगतो, आणि मला त्यात शहाणपण दिसते. त्या वर्षी पेटी बंद राहिली तर राहू द्या. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नाही, पहाटे फार लवकर जाग येऊन भीती वाटते, अन्न नकोसे होते, जगणे ओझे वाटते, असे असेल तर तो नुसता शोक नसून नैराश्याचा आजार असू शकतो. त्यास उपचार आहेत, उतारवयातही त्यांचा गुण येतो. अशा वेळी नव्या वर्षाच्या योजना बाजूला ठेवून प्रथम डॉक्टरांकडे यावे.

आखणीकर गृहस्थांची पुढची योजना त्या खुणांवरून झाली. डोळे रंगवणे सुटले, हे त्यांनी स्वतःच सांगितले. मला ते सांगावे लागले नाही याबद्दल मी कृतज्ञ आहे. पितांबर, शेला, सिंहासन ही मोठ्या फराट्याची कामे सकाळच्या दोन तासांत होऊ लागली. मनगटाखाली आडवी काठी घेतात, जशी जुने पाट्या रंगवणारे घेत. प्लास्टर घासण्याच्या जागेपासून आणि फवाऱ्याच्या रंगापासून दूर, उघड्या पडवीत बसतात, कारण दमा आहे. कारखान्याच्या मालकाने दोन तरुण मुलांना आखणी शिकण्यासाठी त्यांच्या शेजारी बसवले आहे. शिकवणे हे उतरत्या हाताचे दुय्यम काम आहे असे कुणी समजू नये. मुलांना ओरडताना त्यांचा कंप मी थांबलेला पाहिला आहे! वैद्यकशास्त्रात याचे स्पष्टीकरण असेलही. मी शोधायला गेले नाही.

त्यांच्या धंद्यातच अनिश्चितता पुष्कळ आहे. शाडू की प्लास्टर, हा वाद न्यायालयात वर्षानुवर्षे चालला आणि कारखानदारांना दर हंगामात नव्याने विचार करावा लागला. परदेशी मराठी घरांत जाणाऱ्या मूर्ती काही महिने आधी कंटेनरात बसतात. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे डिसेंबर २०२३ पासून अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि ती तारीखही आधी सरकली. एवढाल्या क्रेन आणि संगणक असलेल्या बंदराचे वेळापत्रक जर बदलते, तर चौऱ्याहत्तर वर्षांच्या हाताचे का बदलू नये?

योजना करायचीच तर ती दिवसाच्या तीन मापांत करा, असे मी सुचवते. चांगल्या दिवशी काय, बऱ्या दिवशी काय आणि ठिपक्याच्या दिवशी काय. चांगल्या दिवशी तासभर रियाज. बऱ्या दिवशी तंबोरा जुळवून दहा मिनिटे षड्ज. ठिपक्याच्या दिवशी नुसते ऐकणे. चित्रकाराने ठिपक्याच्या दिवशी कुंचले धुवावेत. ज्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे त्यांनी बारीक सुईऐवजी जाड दांड्याची साधने घ्यावीत आणि वीस मिनिटांनी हात मोकळा करावा. सकाळी बोटांचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल आणि सांधे सुजत असतील तर तो झिजेचा संधिवात नसावा, तपासून घ्या. चार आठवड्यांत एक आठवडा कोरा ठेवा. तो आजारपणाने घेतला तर घेतला. नाही घेतला तर तो आपला. पंचांगाइतके काटेकोर गणित येथे नको, हा माझा अंदाज आहे आणि तो आपल्या प्रकृतीप्रमाणे बदलावा.

आता थोडे घरच्यांशी. "बाबा, आता पुरे" हे वाक्य प्रेमाचे असते, हे मला मान्य आहे. ते सोपेही असते. घरात टर्पेंटाइनचा वास नको, दुपारी टाळांचा आवाज नको, पडण्याची भीती नको. पण काम बंद करण्याआधी ते लहान करता येते का, बसून करता येते का, दुसऱ्या वेळेला नेता येते का, हे पाहावे. साधने माळ्यावर टाकू नका. ती दिसत राहिली पाहिजेत. आणि किती झाले, हे रोज विचारू नका.

तुमच्याही वर्षाचा हिशेब कुणी तरी विचारला पाहिजे. त्या दिनदर्शिका घेऊन आलेल्या सूनबाईंना मी सहज विचारले, "आणि तुमचे वर्ष कसे गेले?" त्या गप्प झाल्या. मग सासरेच म्हणाले, "ती रांगोळी काढायची. लग्न झालं तेव्हा सारी आळी बघायला यायची." चार वर्षांत रांगोळीचा डबा उघडला नव्हता. आता रविवारी सकाळचे दोन तास मुलगा पाळी नसेल तर घरी थांबतो, पाळी असेल तर शेजारच्या काकू येऊन बसतात. तिसऱ्या रविवारी ते मोडते, चौथ्या रविवारी पुन्हा जुळते. शुश्रूषा करणाऱ्याने थकवा, चिडचिड, पाठदुखी आणि स्वतःची राहून गेलेली तपासणी यांची नोंद याच दिवसांत घ्यावी. सासऱ्यांची साखर वर्षात चारदा तपासणाऱ्या कित्येक सुनांनी स्वतःचे हिमोग्लोबिन बाळंतपणानंतर पाहिलेले नसते.

गळ्याचे काम करणाऱ्यांविषयी लिहायचे राहिले. वयाबरोबर स्वरतंतू पातळ होतात, तोंड कोरडे पडते, श्वास पुरत नाही; आवाज चिरका किंवा कापरा होतो. पुरेसे पाणी, बोलण्यातील विश्रांती आणि आवाजाचे व्यायाम यांनी पुष्कळ सुधारणा होते. घसा बसला असता कुजबुजत बोलू नये, त्याने ताण वाढतो. मात्र आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आत पाहिलेच पाहिजे. मिश्री किंवा तंबाखूची सवय असणाऱ्यांनी तर मुळीच थांबू नये. आवाज बदलणे म्हणजे गाणे संपणे नव्हे, हे आपल्या पिढीने गंगूबाई हनगल यांच्याकडून ऐकलेच आहे. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज खाली उतरला, भारदस्त झाला, आणि तोच पुढे त्यांची ओळख ठरला. नव्वदी ओलांडल्यावरही त्या मैफलीत बसल्या.

माझ्या रुग्णांत एक धवलारीण आहे, वय अडुसष्ट. धवलारीण केवळ गाणारी नसते. पूर्वी लग्न लावण्याचा मानही तिच्याकडे असे, वारल्यांमध्ये धवलेरी अजूनही लग्न लावते. हळद, तेल, मांडव, प्रत्येक विधीचा धवला निराळा, आणि तो लिहिलेला कोठेच नाही. गेल्या मोसमात तिचा आवाज बसला. "बाय, गला बसलाय, पन लगीन काय थांबतंय?" असे म्हणत ती महिनाभर काढ्यावर राहिली. हळदीच्या मांडवात आता डीजे असतो, त्याच्या वर आवाज चढवून ती गात होती. तज्ज्ञांनी तपासले, गाठ नव्हती, सूज होती. मिश्री तिने सोडली आहे, म्हणजे सोडते आहे. नव्या मोसमात तिने मुख्य विधींचेच धवले घ्यायचे, बाकीच्या बायांनी झेलायचे, आणि तिचे गाणे चालू असताना डीजे बंद, हे तिने यजमानांना आधी सांगायचे, असे ठरले. दोन लग्नांत हे पाळले गेले, एका लग्नात नाही. त्या लग्नातून ती उठून आली. असे तिने आयुष्यात प्रथमच केले.

पुढच्या अधिक ज्येष्ठात लग्ने नाहीत. १७ मे ते १५ जून तिचा गळा मोकळा आहे. एप्रिलच्या अखेरीस पुन्हा घसा दाखवायचा, आणि त्या महिन्यात एक दिवसाआड, उन्हे उतरल्यावर, नातीने मोबाइल घेऊन ओट्यावर बसायचे. गायचे झाले तर गायचे, नाही तर नुसते शब्द सांगायचे. नातीने हळदीचे धवले आधी मागितले आहेत. एकंदर धवले किती आहेत, असे मी विचारले, म्हणजे किती संध्याकाळी लागतील याचा अंदाज येईल.

"मोजलं नाय कधी," ती म्हणाली. "तू चष्मा दे आधी, कालनिर्णय बघू दे."